शेठ आधी कुणाचे पैसे थांबवतात ते बघा

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, मशीन शॉपमध्ये सीएनसी विभागाचे सुपरवायझर, वय ३६, नोकरी ११ वर्षं ४ महिने. पगार ३१,०००, त्यात बेसिक आणि डीए मिळून १९,०००. गेले पाच महिने पगार वीस-बावीस तारखेला होतो, मागच्या महिन्याचा तर अर्धाच हातात आला. स्लिपवर पीएफची कपात दिसते, पासबुकात पाच महिने एकही नोंद नाही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून ३९,००० ची ऑफर आहे, पंधरा दिवसांत हजर व्हा म्हणतात. शेठ म्हणतात, मार्चअखेर जाऊ दे, सगळं मार्गी लागतं. वडील आजारी होते तेव्हा याच शेठनी खिशातून ४०,००० काढून दिले आणि परत मागितले नाहीत. राहायला पिरनवाडीत, सहकारी सोसायटीचं घरकर्ज, दोन मुलं मराठी शाळेत. थांबू की जाऊ?

मी उद्यमबाग आणि होनगा मिळून ३२ वर्षं काढली. टाइमकीपर म्हणून लागलो, पर्सोनेल मॅनेजर म्हणून बाहेर पडलो. हा प्रश्न माझ्या टेबलासमोर उभं राहून विचारणारे शेकड्याने पाहिले, आणि एकदा मी स्वतःही त्यांच्यातला एक होतो. उत्तर आधीच सांगून टाकतो. जा. पण पंधरा दिवसांत नको, आणि कागललाच गेलं पाहिजे असंही नाही.

पगार लांबला एवढ्यावरून मी कुणाला जा म्हणत नाही. कायद्याने महिना संपल्यावर सात तारखेच्या आत पगार व्हायला हवा, पण उद्यमबागेत पगार कधीच लांबला नाही असा कारखाना मला दाखवा. गिऱ्हाईक मोठं, आपण लहान. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं करावं असं २००६ चा कायदा सांगतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या खरेदी खात्याला तो ऐकवणाऱ्याला पुढची ऑर्डर कोण देणार? म्हणून बिलं नव्वद दिवस, कधी एकशेवीस दिवस अडकतात. इकडे पिग आयर्न आणि स्क्रॅप रोखीत, हेस्कॉमचं विजेचं बिल तारखेला. या दोहोंच्या मधल्या खड्ड्यात एखाद-दुसरा पगार पडतो. ते पडसं आहे, आठवड्यात जातं.

तुमचं प्रकरण पडशाचं नाही, ते पीएफमुळे.

पैसा कमी पडायला लागला की प्रत्येक मालक मनात एक यादी करतो. कुणाला थांबवलं तर काय होईल? हेस्कॉमला थांबवलं तर लाइन तोडतात, भट्टीतलं लोखंड भट्टीतच गोठतं. बँकेला थांबवलं तर ९० दिवसांनी खातं एनपीए, म्हणजे थकीत, मग ६० दिवसांची नोटीस, मग गेटवर ताब्याचा कागद आणि पेपरात जाहिरात. स्क्रॅपवाल्याला थांबवलं तर उद्या गाडी येत नाही. मग उरतो कोण? पैसे थांबवले तरी उद्या सकाळी आठला डबा घेऊन गेटवर येतो तो. त्यातही पगार थांबवला तर टाइम ऑफिससमोर गर्दी होते. पीएफ थांबवला तर आवाजच होत नाही, कारण पासबुक उघडून बघतो कोण? म्हणून पीएफ आधी थांबतो, पगार नंतर. तुमच्याकडे दोन्ही झालंय, आणि त्याच क्रमाने झालंय.

एक फरक लक्षात घ्या. पगार उशिरा देणं म्हणजे शेठनी तुमचं देणं लांबवलं. पीएफ कापून न भरणं म्हणजे तुमच्या खिशातून काढलेले पैसे वापरले. तुमच्या १९,००० वर १२ टक्के म्हणजे महिना २,२८०, पाच महिन्यांचे ११,४००. मालकाचा तेवढाच वाटा धरला तर २२,८००. अर्ध्या पगाराचे १५,५०० त्यात मिळवा: ३८,३०० रुपयांचं बिनव्याजी, बिनतारणी कर्ज तुम्ही कंपनीला दिलंय. कुणी विचारलं नाही, तुम्हीही हो म्हटलं नाही. कामगाराचा कापलेला वाटा न भरणं कायद्याने नुसतं थकबाकीत जात नाही, तो फौजदारी विश्वासघाताचा विषय होतो. शेठना हे ठाऊक असतं. ठाऊक असून माणूस तिथपर्यंत जातो तेव्हा त्याच्याकडचे बाकीचे रस्ते संपलेले असतात.

पण आधी खात्री करा. पासबुकात नोंद नाही म्हणजे भरणा झालाच नाही असं दर वेळी नसतं. कधी पासबुकच उशिरा अद्ययावत होतं, कधी चलनाच्या फाइलमध्ये एकट्या तुमचंच नाव अडकलेलं असतं. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ खात्याच्या, संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे, लॉगिन लागत नाही. कंपनीचं नाव टाका, भरणा तपशील उघडा. कोणत्या महिन्याचे किती पैसे, किती माणसांचे, कोणत्या तारखेला जमा झाले, सगळं दिसतं. महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तिथे पाचही महिने भरलेले दिसले तर माझं अर्धं उत्तर मागे घेतो. मग हे कारकुनी काम आहे, अकाउंट्समध्ये जाऊन सोडवा. तिथेही नसतील, तर पुढचं वाचा.

तसंच जीएसटीचं. क्रमांक कंपनीच्या कुठल्याही बिलावर सापडेल, कर्नाटकाचा २९ ने सुरू होतो. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकलात की रिटर्न कधी भरले ते महिनावार दिसतं. हे मी चौकसपणा म्हणून सांगत नाही. आपण रिटर्न भरलं नाही तर आपल्या गिऱ्हाइकाला त्या कराची वजावट (क्रेडिट) मिळत नाही. दोन-तीन महिने असं झालं की गिऱ्हाईक पेमेंट रोखतं, मग दुसरा पुरवठादार शोधतं. शॉप भरभरून चालत असतानाच कंपनी आतून रिकामी होते ती अशी.

यावरून आठवलं. ‘काम भरपूर आहे’ यावर विसंबू नका. मंदीत काम नसतं म्हणून पैसा नसतो, ते समजण्यासारखं आहे. काम आहे, तीन पाळ्या चालतात, डिस्पॅचचा टेम्पो रोज भरून जातो आणि तरी पगाराला पैसा नाही, हे मला जास्त भीतीचं वाटतं. म्हणजे एकतर भाव तोट्यात घेतलेत, नाहीतर पैसा व्याजात जातोय, नाहीतर भावाभावांच्या वाटणीत किंवा कुठल्यातरी प्लॉटमध्ये. मंदी हटते. हे आपोआप हटत नाही.

तुम्ही मशीन शॉपला असता, तुम्हाला ऑफिसच्या आधी कळायला हवं. इन्सर्टची, म्हणजे हत्याराच्या कापणाऱ्या टोकांची, डबी पूर्वी स्टोअरमधून अख्खी मिळायची, आता एकेक इन्सर्ट मोजून, जुना दाखवल्यावर मिळतो का? कूलंट शेवटचं कधी बदललं? सोमवारी सकाळी शॉपचं शटर उघडल्यावर कुजकट आंबूस वास नाकात जात असेल तर ते बदलायचे पैसे नाहीत. मशीनच्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनियर येतो, की आपलाच मेंटेनन्सवाला यूट्यूब बघून ड्राइव्ह उघडतो? फाउंड्रीत दिवसाला किती हीट, म्हणजे वितळलेल्या लोखंडाच्या भट्ट्या, निघतात ते भट्टीवरच्या माणसाला विचारा, तो खरं सांगेल.

आणि पॅटर्नवर, म्हणजे ज्यांवरून ओतकामाचे साचे काढतात त्या नमुन्यांवर, डोळा ठेवा. पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचे असतात, नुसते आपल्या रॅकवर पडून असतात. एखाद्या दुपारी अनोळखी टेम्पो येतो, ‘दुरुस्तीला नेतो’ म्हणून चार पॅटर्न भरतो आणि ते परत येत नाहीत. मी दोन कारखाने बंद पडताना आतून पाहिले. दोन्हीकडे बँकेच्या नोटिशीआधी, पगार पूर्ण थांबण्याआधी पॅटर्न हलले होते. गिऱ्हाइकाचा खरेदी अधिकारी आपल्या शेठच्या ताळेबंदाबद्दल आपल्यापेक्षा जास्त जाणून असतो.

त्या दोनपैकी पहिल्या कारखान्यात मी तुमच्याच वयाचा होतो. शेठ मला ‘माझा उजवा हात’ म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं. पगार थांबल्यावर अकरा महिने मी राहिलो. रोज सकाळी कामगारांना सांगायचो, पुढच्या आठवड्यात नक्की. मला खरंच तसं वाटायचं, म्हणून लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला, हेच जास्त वाईट झालं. शेवटी बँकेने कुलूप लावायच्या दोन दिवस आधी शेठ म्हणाले, पगाराचं बघू पुढे, आत्ता काय पाहिजे ते घेऊन जा. मी एक बिडाची सरफेस प्लेट आणली, दीड फूट बाय दीड फूट, हाताने स्क्रेप केलेली. अकरा महिन्यांचा पगार. अजून घरी आहे, परसात पाण्याच्या पिंपाखाली. इतकं लेव्हलला बसलेलं पिंप आमच्या गल्लीत दुसरं नाही.

उलटही पाहिलंय, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हाताऱ्याने एका अनुभवावरून सगळ्या शेठना नावं ठेवली. २०१९ मध्ये वाहन उद्योग बसला आणि तो सावरायच्या आत २०२० चा लॉकडाऊन आला. होनग्यात आमच्या शेठनी सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं आणि ऑर्डर किती, येणं किती, बँकेचा हप्ता किती ते फळ्यावर खडूने लिहिलं. तीन महिने अर्धा पगार, म्हणाले. उरलेला अर्धा सहा हप्त्यांत. पीएफ एकदाही चुकला नाही आणि स्वतःची गाडी विकली. तेव्हा सोडून गेलेल्या दोघांनी नंतर परत यायला अर्ज केले. दोन्ही शेठ अडचणीत होते. एकाने आकडे दाखवले, दुसऱ्याने खांद्यावर हात ठेवला. तुमचे शेठ कुठले, हे तुम्हीच ओळखा. ‘मार्चअखेर मार्गी लागतं’ हा आकडा नव्हे.

म्हणून शेठना भेटा. राजीनामा खिशात घालून नको, रिकाम्या हाताने. सकाळी गेल्या गेल्या नाही, जेवणानंतर, ऑफिसात दुसरं कुणी नसताना. दोनच गोष्टी विचारा. मार्चअखेर नेमकं काय होणार आहे? बँकेची लिमिट वाढणार, की जागा विकली जाणार, की कुणाचं जुनं येणं येणार? आणि पीएफची चलनं कधी भरणार, तारीख सांगा. चांगला माणूस असेल तर अडखळेल, पण काहीतरी ठोस सांगेल. ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही होय रे?’ असं आलं, तर उत्तर मिळालं. पंधरा दिवसांत निदान दोन महिन्यांची चलनं पोर्टलवर चढली, तर मार्चपर्यंत थांबायला माझी हरकत नाही. नुसत्या शब्दावर मात्र नको.

आता कायद्याचं, कारण ‘थांबलो आणि कंपनी बंद पडली तर भरपाई तरी मिळेल’ असं तुमच्या खात्यात कुणीतरी म्हणत असणारच. ते अर्धं खरं आहे. कारखाना बंद झाला तर कामगाराला वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराप्रमाणे भरपाई मिळायला हवी, ग्रॅच्युइटी वेगळी. स्वतःहून राजीनामा दिला तर ही भरपाई नाही, फक्त ग्रॅच्युइटी. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, आणि त्यांत देखरेखीचं काम करणारा आणि १८,००० च्या वर वेतन घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येत येत नाही. जुन्या कायद्यात ही मर्यादा १०,००० होती, म्हणजे तिथेही तुम्ही बाहेरच होतात. हुद्दा काय यापेक्षा प्रत्यक्ष काम काय हे कोर्ट बघतं, तेव्हा तुम्ही स्वतः मशीन चालवत असाल तर वाद घालता येईल. वाद घालत बसायचं की पगार घ्यायचा, हा प्रश्न उरतोच. तुमच्या हाताखालच्या ऑपरेटर पोरांचं गणित मात्र वेगळं आहे. त्यांना ही भरपाई लागू होते. त्यांनी तुमचं बघून घाईने राजीनामे टाकू नयेत, हे त्यांना सांगा.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि दिवाळखोरी संहितेखाली विकायला निघाली, तर कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी तारण घेतलेल्या बँकेच्या बरोबरीने उभी राहतात. तुमच्यासारख्या इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची, आणि तीही बँकेच्या मागे. उद्यमबागेतले कितीतरी कारखाने भागीदारीत किंवा एकट्याच्या नावावर आहेत, तिथे ही वाटही नसते. मग कामगार खात्यात तक्रार, तारखा, आणि सगळे कागद कन्नडमध्ये. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. हे मी सीमाभागात तीस वर्षं सांगतोय, तरी लोक अंदाजाने सह्या करतात.

तुमची ग्रॅच्युइटी मांडू. १९,००० भागिले २६ गुणिले १५, म्हणजे वर्षाला १०,९६२ च्या आसपास. अकरा वर्षांचे साधारण १,२०,५७७. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे आणखी दोन महिने काढून वर काही दिवस गेले की बारा वर्षं होतात. त्या अकरा हजारांसाठी थांबू नका. दोन महिन्यांत पगारच त्याहून जास्त अडकू शकतो. महत्त्वाचं वेगळंच आहे. ही रक्कम कुठे ठेवलीय? कर्नाटक सरकारने जानेवारी २०२४ मध्ये ग्रॅच्युइटीचा विमा सक्तीचा करणारे नियम काढले. कंपनीने एलआयसीकडे किंवा दुसऱ्या विमा कंपनीकडे ग्रुप ग्रॅच्युइटी घेतली असेल आणि हप्ते चालू असतील, तर तुमचे सव्वा लाख शेठच्या अडचणीबाहेर सुरक्षित आहेत. नसेल, तर तेही शेठच्या शब्दावरच आहेत. अकाउंट्समधल्या माणसाला चहाच्या वेळी विचारलंत तर एका वाक्यात कळेल.

कागलच्या ऑफरकडे येऊ. ३९,००० म्हणजे काय? सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च असेल, आणि बहुधा आहे, तर त्यात मालकाचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरलेली असते. बेसिक निम्मं, १९,५०० धरा. मालकाचा पीएफ २,३४०, ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे ९३८. राहिले ३५,७२२. त्यातून तुमचा पीएफ आणि २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स गेला की हातात ३३,१८२. आज पूर्ण पगार झाला तर हातात २८,५२० पडतात. फरक ४,६६२. बोनसही सीटीसीत घुसवला असेल तर त्याहून कमी. निपाणीचा माणूस कोगनोळीचा नाका ओलांडून रोज कागलला जातो, त्याला हा फरक सरळ फायदा. पिरनवाडीहून नव्वदेक किलोमीटर रोज जमणार नाही. खोली आणि खानावळ हा फरक खाऊन टाकतील, वर दर शनिवारची बस. आणि सीमाप्रश्न तापला की बसही बंद, हे तुम्हाला मी काय सांगावं.

म्हणजे पैशासाठी कागलला जायचं नाही. तारखेला पगार आणि चालू पीएफ, एवढ्यासाठीच जायचं. आणि ते तिथे आहे याची खात्री काय? तीच तपासणी नव्या कंपनीलाही लावा: पोर्टलवर भरणा, आणि महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणाऱ्या जीएसटी क्रमांकाची रिटर्न. एका बुडत्या होडीतून दुसऱ्या बुडत्या होडीत उडी मारलेले लोक मी पाहिलेत, दुसरीला रंग नवा होता इतकंच. पंधरा दिवसांत या म्हणणाऱ्याला विचारा, आधीचा माणूस का गेला?

माझ्या मते ही ऑफर हातात ठेवून महिनाभर इकडेच शोधा. तुमच्यासारखा अकरा वर्षांचा, सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही येणारा माणूस मच्छे, काकती, होनगा, ऑटोनगर इथे लोकांना हवा असतो. हत्तरगीला सेझमध्ये विमानाच्या भागांचं काम चालतं. तिथे बिडाच्या कास्टिंगवरून आलेल्या माणसाला सुरुवातीला कागदपत्रांचा वैताग येतो, प्रत्येक पीसची जन्मकुंडली लिहावी लागते, पण पाच ॲक्सिसच्या मशीनवर हात बसला की पुढची वीस वर्षं तुम्हाला कुणी विचारल्याशिवाय राहत नाही. घर हलवावं लागत नाही, मुलांची शाळा सुटत नाही. मुलं कागलला नेलीत तर पुढे कर्नाटकच्या सीईटीसाठी इथल्या शिक्षणाची सात वर्षं मोजतात, ते ध्यानात ठेवा. महिन्यात इकडे नाही जमलं तर कागल, एकट्याने, घर पिरनवाडीतच ठेवून.

सोसायटीच्या कर्जाबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत, मला तीच सगळ्यात जास्त टोचली. तुमचे जामीनदार कोण? बेळगावात सोसायटीचं कर्ज म्हणजे दोन जामीनदार, आणि दोघेही हमखास त्याच खात्यातले, शेजारच्या मशीनवरचे. तुमचा पगार थांबला तेव्हा त्यांचाही थांबला. सोसायटीला वाटतं तीन माणसांची हमी आहे. खरं तर तिघंही एकाच शेठवर उभे. आणि तुम्ही किती जणांना जामीन आहात? आठवून कागदावर लिहा. त्यांचा हप्ता थकल्यावर नोटीस आधी तुमच्या नव्या पत्त्यावर येते. एका पोराला मी पाहिलंय, नव्या नोकरीचा पहिला पगार मित्राच्या थकलेल्या हप्त्यात गेला. सोसायटीत जाऊन मॅनेजरला खरं सांगा, नोकरी बदलतोय, हप्ता आता पगारातून नाही, थेट खात्यातून भरेन. बाहेरचा एखादा जामीनदार बदलून मिळतो का विचारा. ओळखीतले असतात ते, ऐकतात. न सांगता गेलात तर मात्र गावभर होतं.

निघायचं ठरलं की काही कामं कंपनी जिवंत असतानाच उरका. यूएएनवरचं, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावरचं, नाव आधारशी अक्षरन्अक्षर जुळतं का बघा. आपल्याकडे एका कागदावर जोतिबा असतं, दुसऱ्यावर ज्योतिबा, तिसऱ्यावर वडिलांचं नाव मधे आणि चौथ्यावर शेवटी. दुरुस्तीला कधी मालकाची सही लागते. कंपनीला टाळं लागल्यावर कुणाची घेणार? पाच महिन्यांच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि अनुभवाचा दाखला आत्ताच मागून घ्या, ‘घरकर्जाला लागतो’ म्हणून मागितलात तरी खोटं नाही. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पेन्शनची दहा वर्षं तुमची झालीत, ती मोडू नका.

एक जागा अशी आहे जिथे शिकलेलेही अडकतात. मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः पोर्टलवर भरता येते. पण ती तारीख शेवटचा भरणा ज्या महिन्याचा झाला त्याच महिन्यातली चालते. तुमचा शेवटचा भरणा पाच महिन्यांपूर्वीचा. स्वतः तारीख भरलीत तर पोर्टलच्या हिशेबी तुम्ही पाच महिन्यांपूर्वीच नोकरी सोडली, आणि थकलेल्या महिन्यांवर तुमचा हक्क तुम्हीच पातळ केला. म्हणून आधी ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर लेखी तक्रार, स्लिपा जोडून. ऑनलाइन जमत नसेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर असतं, तिथे कागद घेऊन जा.

राजीनामा चार ओळींचा. कारण ‘वैयक्तिक’. आणि शेवटच्या ओळीत: माझा अमुक महिन्याचा अर्धा पगार आणि अमुक ते अमुक महिन्यांचा पीएफ भरणा बाकी आहे, तो पूर्ण करावा ही विनंती. पोच घ्या, निदान ई-मेल करा. नियुक्तीपत्रात नोटीस महिन्याची असेल तर महिना भरा. नव्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता व्हायला हवा. होणार नाही, पण मागताना हे तोंडात असू द्या. ‘सर्व येणी मिळाली’ असं छापलेल्या व्हाउचरवर, रेव्हेन्यू स्टॅम्पवर, पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही नाही. शेठनी कितीही मायेने पेन पुढे केलं तरी.

राहिले ते ४०,०००. तुमच्या पत्रात ते दोनदा आलेत. ते विसरा असं मी सांगणार नाही. वडिलांच्या आजारपणात दिलेला पैसा माणूस विसरत नाही. पण तो पैशाचा उपकार आहे, पैशाने फिटतो. त्याच्या बदल्यात आयुष्याची वर्षं द्यायची नसतात. शेठ म्हणतील, राहू दे रे, तुझं माझ्याकडे आहे, माझं तुझ्याकडे, वळतं करून टाकू. अर्ध्या पगाराचे १५,५०० लेखी वळते करून घ्यायला हरकत नाही. पीएफ मात्र नाही. ते पैसे शेठचे नव्हेतच, तर ते वळते कसले करणार? राहिले २४,५००. नव्या पगारातून महिना दोन हजार काढा, वर्ष-सव्वा वर्षात होतील. पहिले दोन हजार खात्यावर पाठवू नका, एखाद्या रविवारी घरी नेऊन द्या. शेठ बहुतेक घ्यायचे नाहीत, तरी टेबलावर ठेवा, चहा घ्या, आणि निघताना पीएफच्या चलनाची आठवण तेवढी करा.